डिशवॉशर अचानक बंद, दिवाच लागत नाही. पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड) गेला म्हणतात, खरंच?

गोदाकाठ (मंगळवार, रात्री ९:४२)

नमस्कार मंडळी. सहा दिवस झाले, आमचा डिशवॉशर पूर्ण बंद आहे. बटण दाबलं तर ना दिवा लागतो, ना बीप होतो, ना पाण्याचा आवाज येतो. मशीन २०२१ मध्ये घेतलेलं, तेरा जणांच्या भांड्यांचं, ओट्याखाली बसवलेलं. वॉरंटी कधीच संपली.

कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला. चौथ्या दिवशी एक मुलगा आला. त्याने सिंकखालच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला, तो पेटला. "सप्लाय ओके आहे मॅडम, पीसीबी गेलाय." कार्डाचे १३,८०० आणि भेटीचे ६५०. मशीन ओट्याखालून बाहेरसुद्धा काढलं नाही. दहा मिनिटांत निघून गेला.

पैशांचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न आईचा आहे. तिच्या बोटांना संधिवात आहे, घासणी धरली की रात्रभर हात ठणकतात. हे मशीन आल्यापासून ती परत हवं ते रांधायला लागली होती, कढईचा विचार न करता. परवा मी ऑफिसातून आले तर ती गुपचूप कुकर घासत उभी. मला फार वाईट वाटलं.

तर १३,८०० भरण्याआधी आपण घरी काय काय तपासू शकतो? मला मल्टिमीटर वापरता येत नाही, पण शिकायची तयारी आहे.

कोथिंबीरवडी (मंगळवार, रात्री ९:५५)

वाचते आहे. आमचंही २०२१ चंच आहे, त्यामुळे धडकी भरली. वाचनखूण साठवली.

सह्यवेडा (मंगळवार, रात्री १०:०३)

आधी सोपं बघा. १) डीबीमधला, म्हणजे घराच्या मुख्य वीज-पेटीतला, त्या पॉइंटचा एमसीबी (ब्रेकर) खाली आहे का? २) दार पूर्ण बसतंय का? आमच्याकडे खालच्या रॅकमध्ये परात तिरकी ठेवली होती, तिचा काठ दाराला अडत होता. दार लागल्यासारखं दिसायचं, पण खटका बसायचा नाही. दोन दिवस आम्ही मशीन बिघडलं असं समजत होतो. ३) चाइल्ड लॉक.

गोदाकाठ (मंगळवार, रात्री १०:११)

एमसीबी वर आहे, खाली-वर करूनही पाहिला. दाराचा खटका नीट ऐकू येतो. चाइल्ड लॉक असला तरी निदान दिवे लागायचे ना? इथे पूर्ण काळोख आहे.

जुना वायरमन (मंगळवार, रात्री १०:३०)

ताई, मी ३१ वर्षं वायरिंगची कामं केली, त्यातली बरीचशी नाशिक रोडला. दोन गोष्टी आधी सांगतो.

पहिली, सिंकखालचं सॉकेट आहे म्हणता, म्हणजे तिथे ओल असणार. हात घालण्याआधी एमसीबी खाली करा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पायात रबरी चप्पल हवी, फरशी कोरडी हवी.

दुसरी, टेस्टर पेटला म्हणजे सप्लाय आहे, हे चूक आहे. टेस्टर फक्त फेज दाखवतो. वीज फेजमधून येते आणि न्यूट्रलमधून परत जाते. न्यूट्रल तुटलेला असेल तरी फेजच्या भोकात टेस्टर झकास पेटतो, आणि मशीन मात्र मेलेलं. मी असे कित्येक फ्रिज, गीझर बघितले आहेत, ज्यांना लोकांनी मेकॅनिककडे पाठवलं आणि दोष निघाला भिंतीत. आणखी एक खूण सांगतो. मशीन जोडलेलं, बटण चालू, आणि तुम्हाला सॉकेटच्या किंवा बोर्डाच्या न्यूट्रलवरही टेस्टर पेटताना दिसला, तर न्यूट्रल नक्की मागे कुठेतरी तुटला आहे. फेज मशीनमधून फिरून तिथे पोचलेला असतो.

उद्या दिवसा एक साधा टेबल लॅम्प त्या सॉकेटला लावून बघा. लागला का ते कळवा. मग पुढचं.

मांडवीतीर (मंगळवार, रात्री ११:०६)

पणजीहून लिहितोय. आमचं मशीन दीड वर्षापूर्वी असंच बंद पडलं. आमच्याकडे मात्र खरंच पीसीबी होता, पण दोष झुरळांचा. दाराच्या आतल्या बाजूला जिथे कार्ड असतं तिथे ऊब असते आणि थोडी ओल असते, झुरळांना तेवढंच लागतं. कार्डावर त्यांची घाण साचली, त्यातून दोन पट्ट्यांमध्ये शॉर्ट झाला. इथल्या एका रिपेअरवाल्याने कार्ड आयपीएने, म्हणजे त्या साफसफाईच्या अल्कोहोलने, ब्रश मारून धुतलं, जळलेली पट्टी तारेने जोडली, वर लॅकर मारला. ९०० रुपये घेतले. आजतागायत चालू आहे.

म्हणून पीसीबी जरी निघाला तरी लगेच नवा घेऊ नका.

चाफा (बुधवार, सकाळी ७:२०)

मांडवीतीर, ई! पण माहिती कामाची आहे. आता मशीनखाली हर्बल जेलचे ठिपके लावायला हवेत.

नर्मदेचा_गोटा (बुधवार, सकाळी ८:०५)

मला प्रामाणिकपणे वाटतं की आपल्या स्वयंपाकाला हे यंत्र जुळत नाही. तेलकट कढया, करपलेलं दूध, पिठाची परात. दोन माणसांच्या घरात हाताने वीस मिनिटांत भांडी होतात. एवढी महागडी वस्तू घ्यायची, मग तिचं मीठ, तिची पावडर, तिचा रिन्स एड, आणि शेवटी कार्ड १३,८०० चं.

कोथिंबीरवडी (बुधवार, सकाळी ८:३१)

नर्मदेचा_गोटा, धागा परत एकदा वाचा हो. त्यांच्या आईंना घासणी धरवत नाही. वीस मिनिटं कोणाची, हाही प्रश्न आहे. आमच्याकडे ती वीस मिनिटं कायम माझ्या सासूबाईंची होती, त्यांच्यानंतर माझी झाली असती. कढई ७० अंशांच्या प्रोग्रामला छान निघते. फक्त आधी खरकटं काढायचं आणि करपलेलं थोडं भिजवायचं.

नर्मदेचा_गोटा (बुधवार, सकाळी ८:५०)

आईंचं वाचलं होतं, तरी तसं लिहिलं. चुकलंच. गोदाकाठ, क्षमस्व.

डॅलसकर (बुधवार, सकाळी ९:१४)

इकडे अमेरिकेत १२० व्होल्ट आणि बऱ्याचदा मशीनला प्लगच नसतो, वायर थेट जोडलेली असते. २०१४ च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडपासून घरातल्या डिशवॉशरच्या लाइनला जीएफसीआय लागतो, म्हणजे आपल्याकडचा गळती पकडणारा ब्रेकर. तो पडला की मशीन गप्प. आमचं मात्र वेगळंच निघालं. सिंकखाली एकच आउटलेट, त्याचा एक भाग गार्बेज डिस्पोजलचा (सिंकमधलं खरकटं दळणारं यंत्र), तो भिंतीवरच्या बटणाने चालतो. प्लंबरने पाइप बदलताना दोन्ही प्लग काढले आणि परत लावताना अदलाबदल केली. डिस्पोजलचं बटण दाबलं की डिशवॉशर चालू! नवऱ्याने अर्धं मशीन उघडल्यावर आठ वर्षांच्या मुलीने ते शोधलं.

सांगायचं काय, तर मशीनला हात लावण्याआधी भिंत.

लंडनकर (बुधवार, दुपारी १२:४०)

अनुमोदन. इथे यूकेत प्रत्येक प्लगमध्येच फ्यूज असतो, डिशवॉशरला १३ अँपियरचा. आमच्याकडे तो फ्यूज गेला होता. काही पेन्सांचं काम. पण तिथे न थांबता एवढं बघावं की फ्यूज का गेला. आमच्या हीटरमध्ये गळती सुरू झाली होती, दुसरा फ्यूजही आठवड्यात गेला.

गोदाकाठ (बुधवार, रात्री ८:१५)

वायरमन काका, टेबल लॅम्प लावला. नऊ वॉटचा एलईडी. छान लागला! म्हणजे सॉकेट चांगलं आहे आणि तो मुलगा बरोबर होता का? मन खट्टू झालं.

सोल्डरगन (बुधवार, रात्री ८:४४)

थांबा. मी पुण्यात कार्डं दुरुस्त करतो, वॉशिंग मशीन, इंडक्शन, डिशवॉशर सगळ्यांची. माझ्याकडे "पीसीबी गेला" म्हणून येणाऱ्या कार्डांपैकी बरीच कार्डं चांगली असतात. ती मी तशीच परत देतो.

नऊ वॉटचा दिवा ४० मिलिअँपियर घेतो. एवढासा प्रवाह जळक्या, ढिल्या जोडातूनही सहज जातो. तुमच्या मशीनचा हीटर साधारण २,००० वॉटचा, म्हणजे ९ अँपियर. जोडात अर्धा ओहम जरी रेझिस्टन्स आला, तर ९ गुणिले ९ गुणिले अर्धा, म्हणजे ४० वॉट उष्णता त्या एका स्क्रूवर. माझं सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॉटचं आहे! सॉकेटच्या आत रोज तासभर सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखं.

आता मला एक सांगा, पूर्ण बंद पडायच्या आधी मशीनने काही खोड्या केल्या होत्या का? नीट आठवा.

गोदाकाठ (बुधवार, रात्री ९:०२)

अरे हो! हे मी लिहायलाच विसरले. बंद पडण्याआधी पंधरा-वीस दिवस ते मधेच थांबायचं. सुरुवातीला पाणी भरायचं, फिरायचं, मग दहा-पंधरा मिनिटांनी सगळे दिवे जायचे. थोड्या वेळाने आपोआप परत चालू, तेच पुढे चालवायचं. आम्हाला वाटलं लाइट जा-ये करतेय, पावसाळ्याचे दिवस. आणि आई म्हणते सिंकखाली "जळक्या माशासारखा" वास यायचा. मी तिला म्हटलं नळीचा वास असेल.

जुना वायरमन (बुधवार, रात्री ९:१०)

आईंचं नाक बरोबर आहे. सॉकेटचं बॅकेलाइट किंवा प्लगचं प्लास्टिक तापलं की तसाच वास येतो. पाणी तापायच्या वेळेला जातं म्हणजे हीटरचा लोड पडला की जोड सोडतोय. गार झाला की परत चिकटतोय. शेवटी एक दिवस कायमचा सोडला.

आता दिव्याऐवजी इस्त्री लावा. सॉकेट कुठलं आहे, फक्त सोळा अँपियरचं की सहा-सोळा कॉम्बी?

गोदाकाठ (बुधवार, रात्री ९:१८)

कॉम्बी. मोबाइलचा चार्जरही बसतो.

जुना वायरमन (बुधवार, रात्री ९:२५)

तिथेच घोळ असतो. दोन्ही मापांच्या पिना बसाव्यात म्हणून आतली पत्ती मोठी कापलेली असते, जाड पिनेला चहूबाजूंनी धरत नाही. चांगल्या प्रतीचं कॉम्बी वर्षानुवर्षं टिकतं, हलकं असेल तर दोन-तीन वर्षांत ढिलं होतं. गीझर, ओव्हन, डिशवॉशर यांना मी नेहमी फक्त सोळाचंच सॉकेट लावतो. मागे चार स्क्वेअरची वायर आणि डीबीतून स्वतंत्र लाइन.

इस्त्री लावाल तेव्हा घरात कोणीतरी सोबत असू दे. दोन मिनिटं फक्त. चुरचुर आवाज, वास, धूर, काहीही आलं तर आधी एमसीबी, मग इस्त्री.

राजापूरची_गंगा (बुधवार, रात्री १०:२०)

अवांतर नाही, पण थोडी वेगळी केस. आमच्या सोसायटीत गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात मुख्य न्यूट्रल सुटला. काही घरांत दिवे मंद, काही घरांत भगभगीत. आमच्या वाट्याला भगभगीत आला. टीव्ही, राउटर, डिशवॉशर एका मिनिटात गेले. डिशवॉशरचा एकही दिवा लागेना. ते दुरुस्त कसं झालं ते मला सांगता येणार नाही, पण रिपेअरवाल्याने कार्डावरची एक फुटलेली निळी गोळी दाखवली आणि म्हणाला, "ही मेली म्हणून बाकी वाचलं." १,२०० रुपये झाले. कंपनीचा आकडा त्याच्या दहापट होता.

सोल्डरगन (बुधवार, रात्री १०:४१)

राजापूरची_गंगा, ती निळी गोळी म्हणजे व्हॅरिस्टर. २३० च्या जागी तीन फेजमधला दाब आला, तो ४०० च्या आसपास जाऊ शकतो, की ती स्वतः शॉर्ट होते आणि पुढचा फ्यूज उडवते. बाकी कार्डाच्या आधी ती जाते, त्यासाठीच ठेवलेली असते. व्हॅरिस्टर, फ्यूज किंवा फ्यूजसारखा रेझिस्टर, आणि पॉवर सप्लायचा छोटा आयसी, पूर्ण मेलेल्या कार्डात बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं. मुख्य मेंदू क्वचित जातो.

गोदाकाठ, तुमच्या भागात त्या दिवशी बाकी कोणाचं काही गेलं नसेल तर ही शक्यता मागे ठेवा.

बर्लिनची_सई (बुधवार, रात्री ११:३५)

इकडे युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून नियम आहे की डिशवॉशरचे ठरावीक सुटे भाग मॉडेल बाजारातून गेल्यावरही ७ वर्षं, काही भाग १० वर्षं, मिळालेच पाहिजेत. त्यामुळे दाराची बिजागरी, पंप, कार्ड, सगळं मागवता येतं. भारतातही केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एकत्र मिळावी असा हेतू आहे. सर्व्हिसवाला न तपासता हजारोंचा भाग गळ्यात मारत असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला जरूर फोन करा. मला या विषयाची फार चीड येते. एका वायरीसाठी ४५ किलोचं यंत्र भंगारात जातं.

गोदाकाठ (गुरुवार, रात्री ८:५०)

मिळालं! म्हणजे, काहीतरी मिळालं.

शेजारच्या दादांना सोबतीला बोलावलं. मशीनचा प्लग काढून इस्त्री लावली. इस्त्रीचा दिवा लागला, अर्ध्या मिनिटात थरथरायला लागला, आणि सॉकेटमधून तेलात मोहरी पडावी तसा चर्र आवाज. दादांनी लगेच एमसीबी पाडला. प्लेट उघडली तर डावीकडची पत्ती काळीठिक्कर, स्क्रूभोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं, काळ्या वायरचं आवरण बोटभर करपलेलं. आईने बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "माशाचा वास."

आज सकाळी वायरमनला बोलावून सोळाचं नवीन सॉकेट आणि नवीन बटण बसवलं, वायर मागे कापून ताजी घेतली. इस्त्री आता दहा मिनिटं लावली तरी सॉकेट थंड.

पण मशीन अजूनही मेलेलंच आहे! आता काय?

कोथिंबीरवडी (गुरुवार, रात्री ८:५८)

अरेरे. मला वाटलं झालं.

सह्यवेडा (गुरुवार, रात्री ९:०५)

म्हणजे ढिल्या जोडाच्या ठिणग्यांनी शेवटी कार्ड गेलं असणार. आता मशीन उघडायलाच हवं. दाराचे आतल्या बाजूचे सात-आठ स्क्रू काढले की पॅनेल सुटतं, मी करून पाहिलं आहे. दाराचा मायक्रोस्विच बायपास करून बघा, बऱ्याचदा तोच असतो.

जुना वायरमन (गुरुवार, रात्री ९:१२)

सह्यवेडा, माझा याला ठाम विरोध आहे. वीज चालू ठेवून दाराचा स्विच बायपास करायचा सल्ला नवख्या माणसाला कधीही देऊ नका. तो स्विच दार उघडल्यावर गरम पाणी आणि हीटर थांबवण्यासाठी असतो. तपासायचाच तर प्लग काढून, मीटरने.

सह्यवेडा (गुरुवार, रात्री ९:२०)

मान्य. ते वाक्य मागे घेतो. गोदाकाठ, तसं करू नका.

सोल्डरगन (गुरुवार, रात्री ९:४८)

ताई, अजून काहीही उघडू नका. एक तपासणी बाहेरूनच होते. मल्टिमीटर आणा, शे-दोनशेचा खेळण्यातला नको, थोडा बरा घ्या.

मशीनचा प्लग भिंतीतून काढलेला. मीटर ओहमवर, २ मेगच्या रेंजला. दोन टोकं प्लगच्या दोन सारख्या पिनांना लावा, तिसरी जाड पिन अर्थिंगची ती सोडा. बोटं धातूला लावू नका, नाहीतर तुमच्या अंगाचाच रेझिस्टन्स मोजाल.

वायर मशीनमध्ये शिरते तिथे आत एक डबी असते, नॉइज फिल्टर. बऱ्याच मशीनमध्ये तिच्यात दोन्ही तारांना जोडून एक रेझिस्टर असतो, लाखो ओहमच्या घरातला. त्यामुळे मशीन बंद असलं तरी मीटरवर काहीतरी आकडा यायला हवा. आकडा आला तर वायर आणि फिल्टरपर्यंतचा रस्ता धड आहे, दोष पुढे. काहीच आला नाही, नुसता डावीकडे १ दिसत राहिला, तर वायर किंवा फिल्टर. मग मीटरची टोकं पिनांना तशीच धरून, दुसऱ्या कोणाला वायर प्लगच्या मानेपाशी थोडी वाकवायला सांगा.

माझा संशय सांगतो. सॉकेटची पत्ती एवढी जळली म्हणजे त्यात बसलेली पिनही तेवढीच तापली. पिन मागे प्लगच्या रबरात तारेला चिमटलेली असते. तो चिमटा बाहेरून दिसत नाही.

चाफा (गुरुवार, रात्री १०:१५)

हे इतकं छान समजावलं आहे की विज्ञान शाखा सोडून तीस वर्षं झालेल्या मलाही कळलं.

गोदाकाठ (शुक्रवार, रात्री ७:३५)

सोल्डरगन दादा, काय सांगू!

दुपारी मेन रोडच्या दुकानातून मीटर आणला. दुकानदाराने ओहम कसा वाचायचा ते दाखवलं. घरी येऊन पिना पुसल्या. डावी पिन निळसर काळी झाली आहे, उजवी चकचकीत. मीटर लावला, १. परत लावला, १. मग आईला म्हटलं, वायर मानेपाशी वाकव. तिने दोन्ही हातांनी धरून हळूच वाकवली आणि मीटरवर ०.६८! सोडली की १. वाकवली की ०.६८. आम्ही दोघी पाच मिनिटं तेच करत बसलो होतो.

म्हणजे प्लगमध्येच ना?

सोल्डरगन (शुक्रवार, रात्री ७:४१)

प्लगमध्येच. अभिनंदन. २ मेगच्या रेंजवर ०.६८ म्हणजे ६८० किलोओहम, फिल्टरचा रेझिस्टर. आतली डबी जिवंत आहे.

जुना वायरमन (शुक्रवार, रात्री ७:५५)

शाब्बास ताई. आता वायरीला चिकटवलेला मोल्डेड प्लग कापून सोळाचा थ्री पिन टॉप, म्हणजे स्क्रूचा नवा प्लग, बसवायचा, चांगला आयएसआय मार्कचा. वायर नुसती प्लगपाशी कापू नका. तापून तांबं काळं पडलेलं असतं, ते काळं तांबं स्क्रूखाली घेतलं की परत तीच कथा. तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत मागे या. वीत-दीड वीत जाईल, पुरते का बघा. पुरत नसेल तर मधे जोड देऊन टेप गुंडाळायचा नाही, आणि एक्स्टेन्शन तर मुळीच नाही. पूर्ण वायरच बदलायची.

आणि रंगांकडे लक्ष. मशीनच्या वायरमध्ये तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. आपल्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये मात्र काळी न्यूट्रल असते आणि निळी हा तिसरा फेज. या निळीने भल्याभल्यांना फसवलं आहे. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंग, उजवं फेज, डावं न्यूट्रल. टॉपवर एल, एन आणि ई अक्षरं असतात, त्याप्रमाणे जोडा. अर्थिंगची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे कधी ओढली गेली तर ती सर्वांत शेवटी सुटेल.

हे काम कालच्याच वायरमनकडून करून घ्या. तुमच्या शिकण्याबद्दल शंका नाही, पण पाण्याच्या यंत्राच्या अर्थिंगवर मला दुसऱ्या माणसाची नजर हवी आहे. आणि मशीन चालू करण्याआधी घरातल्या आरसीसीबीचं (गळती पकडणाऱ्या ब्रेकरचं) टेस्टचं बटण एकदा दाबून बघायला सांगा. ३० मिलिअँपियरचा हवा. तो पडायला हवा.

मांडवीतीर (शुक्रवार, रात्री ८:२०)

काका, अर्थिंगची तार लांब ठेवायची ही गोष्ट मला आज कळली. घरातले सगळे टॉप उघडून बघणार आहे.

लंडनकर (शुक्रवार, रात्री ९:३०)

आमच्या हीटरच्या गळतीबद्दल वर लिहिलं होतं, त्यात भर. मशीन "मेलंय" आणि मशीन "ब्रेकर पाडतंय" या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. लोक दोन्हीला "लाइट गेली" म्हणतात आणि फोनवर मेकॅनिकची दिशाभूल होते. पाणी तापताना ब्रेकर पडत असेल तर हीटर किंवा कुठेतरी पाणी झिरपतंय. ब्रेकर वर असून मशीन गप्प असेल तर रस्ता तुटलाय.

गोदाकाठ (शनिवार, दुपारी १:१०)

वायरमन सकाळी आला. प्लग कापला, आणि तो कापलेला तुकडा मी मुद्दाम मागून घेतला. पात्याने उभा चिरला. आत डाव्या पिनेचं टोक कोळशासारखं, चिमट्यातल्या तारा हिरवट काळ्या, बोट लावलं तर काडीसारख्या मोडल्या. बाहेरून प्लग अगदी नवा दिसत होता. आईने तो तुकडा डबीत घालून ठेवला आहे, "तो मुलगा परत आला तर दाखवीन" म्हणते. त्याच्यावर राग नाही तिचा, त्याला शिकवायचं आहे.

एक वीत वायर गेली, पण पुरली. टॉप लावला, आरसीसीबी पाडून पाहिला, बटण दाबलं, आणि बीप! सगळे दिवे लागले. दहा दिवसांपूर्वी अर्धवट राहिलेला प्रोग्राम त्याला अजून आठवत होता, तिथूनच त्याने सुरुवात केली.

खर्च: सॉकेट, बटण, टॉप मिळून ४३०, वायरमनच्या दोन फेऱ्यांचे ७००, मीटर ५५०. कार्ड शाबूत आहे.

आईने आज शनिवार म्हणून उपासाची खिचडी आणि वर दुधी हलवा केला. हलव्याची कढई मशीनमध्ये गेली आहे, ७० अंशांवर. ती ओट्यापाशी खुर्ची टाकून आवाज ऐकत बसली आहे. तुम्हा सगळ्यांचे, विशेषतः वायरमन काकांचे आणि सोल्डरगन दादांचे, खूप खूप आभार.

कोथिंबीरवडी (शनिवार, दुपारी १:१६)

डोळ्यांत पाणी आलं. आईंना नमस्कार. आणि हलव्याची कृती द्या, वेगळा धागा काढा.

नर्मदेचा_गोटा (शनिवार, दुपारी २:०२)

फार बरं वाटलं वाचून. आमच्या गीझरचं सॉकेटही कॉम्बीच आहे, उद्याच बदलून घेतो.

जुना वायरमन (शनिवार, दुपारी ३:४०)

ताई, एक काम राहिलं. मशीन पाणी तापवत असताना, साधारण वीस मिनिटं झाली की, टॉपच्या पाठीला कोरडा हात लावा. आणि महिनाभर चालल्यावर एमसीबी पाडून टॉपचे आणि सॉकेटचे स्क्रू एकदा परत आवळून घ्या. नवीन तांबं दबतं, स्क्रू किंचित सैल होतात.

गोदाकाठ (शनिवार, दुपारी ३:५२)

आत्ताच लावला, काका. गार आहे. आईनेही लावून पाहिला आणि खाली वाकून वास घेतला.